संगणकाची नाडीपरीक्षा

घरांत कोणास ज्वर आला, तर आपण प्रथम त्याच्या कपाळाला हात लावून पाहतों. मग थर्मामीटर लावून आंकडा पाहतों, आणि तो आंकडा कळल्यावरच डॉक्टरांस बोलवावयाचें कीं एक दिवस वाट पाहावयाची, हें ठरवितों. परंतु आज पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत असा एक सभासद वावरत आहे कीं, ज्याचें अंग कितीहि तापलें तरी त्याच्या ज्वराचें मान कोणी विचारीत नाहीं. तो सभासद म्हणजे लॅपटॉप. मुलांचा अभ्यास, सूनबाईंचा हिशेब, वडीलधाऱ्यांचीं पत्रें आणि परदेशीं असलेल्या लेकीची रविवारची भेट, हीं सारीं कामें त्या एकाच यंत्राच्या माथीं असतात. तें तापतें, त्याचा पंखा घोंघावूं लागतो, काम मंदावतें, आणि एखाद्या दिवशीं मुलाची परीक्षा चालू असतांनाच पडदा काळा होतो. मग घरांत एकच निदान ऐकूं येतें : "जुना झाला; आतां नवा घ्या."

हें निदान कित्येकदां खरेंहि असतें. परंतु तें उष्णमान पाहिल्यावांचून केलेलें असतें, हा त्यांतील दोष. गेल्या सुमारें वीस वर्षांत निघालेल्या बहुतेक लॅपटॉपांच्या प्रोसेसरांत, म्हणजे सारें गणित करणाऱ्या मुख्य चिपमध्यें, उष्णमान मोजणारा मापक कारखान्यांतच बसविलेला असतो. आपण त्यास सेन्सर म्हणतों. यंत्र चालू आहे तोंवर तो मोजीत असतो. विचारणारा मात्र कोणी नसतो. जुन्या लॅपटॉपवर जी लिनक्स नांवाची कार्यप्रणाली पुष्कळ जण घालतात, तिच्यांत हा प्रश्न विचारण्याची सोय फार चांगली आहे. ती कशी वापरावी, आणि वापरतांना कोणती सावधगिरी बाळगावी, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. यंत्रशास्त्राचें ज्ञान त्यासाठीं लागत नाहीं; पडद्यावरील मजकूर सावकाश वाचण्याची संवय मात्र लागते.

मापक कसा मोजतो?

लिनक्सचा आरंभ १९९१ सालीं हेलसिंकी येथें लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें केला. तिची घडण सर्वांस पाहावयास खुली असल्यामुळें जगांतील अनेक जाणत्यांनीं तींत भर घातली. यंत्राच्या प्रकृतीवर देखरेख ठेवणारी 'एलएम-सेन्सर्स' ही योजना अशाच स्वयंसेवकांनीं १९९८ च्या सुमारास सुरू केली. 'एलएम' हीं अक्षरें नॅशनल सेमिकंडक्टर या अमेरिकन कंपनीच्या एलएम७८ वगैरे मापक चिपांच्या नांवांवरून आलेलीं आहेत. त्या काळीं मापक प्रोसेसरापासून निराळा, मदरबोर्डावर कोठें तरी बसविलेला असे. पुढें तो प्रोसेसरच्या पोटांतच गेला. इंटेल कंपनीच्या २००६ सालापासूनच्या 'कोअर' वर्गांतील प्रोसेसरांत तो तसा असतो.

त्याचें तत्त्व साधें आहे. सिलिकॉनच्या एका सूक्ष्म जोडास डायोड म्हणतात. त्यांतून ठराविक वीजप्रवाह सोडला असतां त्याच्या दोन टोकांमधील विजेचा दाब उष्णता वाढेल तसा उतरत जातो. दर अंशास सुमारें दोन मिलिव्होल्ट. दाब मोजला कीं उष्णमान कळलें. धूर पाहून पर्वतावर अग्नि आहे असें नैयायिक अनुमान करितात, त्याच जातीचा हा व्यवहार आहे. उष्णता प्रत्यक्ष कोणास दिसत नाहीं. दिसतें तें तिचें लिंग, म्हणजे खूण.

आणि येथें एक मौज आहे. इंटेलचा हा मापक 'मी इतका तापलों आहें' असें सांगतच नाहीं. प्रोसेसरास सोसेल अशी एक कमाल मर्यादा कारखान्यानें ठरविलेली असते. पुष्कळ लॅपटॉपांत ती १०० अंश सेल्सिअस असते. आपण त्या मर्यादेच्या किती खालीं आहों, एवढेंच मापक सांगतो. तो '४२' म्हणाला, तर १०० मधून ४२ वजा करून ५८ हा आंकडा लिनक्स आपणांस दाखविते. ही वजाबाकी करणाऱ्या ड्रायव्हरचें नांव 'कोअरटेम्प'. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांसाठीं 'के१०टेम्प' नांवाचा ड्रायव्हर आहे. ड्रायव्हर म्हणजे यंत्राच्या एखाद्या अवयवाची भाषा जाणणारा दुभाष्या, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.

आधीं पाहावें, मग विचारावें

कोणत्या यंत्रांत कोणता मापक आहे, आणि त्याला कोणता दुभाष्या लागतो, हें आपोआप हुडकून काढणाऱ्या प्रोग्रॅमचें नांव 'सेन्सर्स-डिटेक्ट'. डेबियन व उबुंटु या लिनक्सच्या शाखांत तो 'एलएम-सेन्सर्स' या पॅकेजमधून मिळतो. फेडोरा व आर्च या शाखांत पॅकेज तेंच. फक्त दोन शब्दांमध्यें संयोगचिन्हाऐवजीं खालची रेघ असते.

परंतु तो चालविण्यापूर्वीं एक सोपी गोष्ट करावी. तें पॅकेज घातल्यावर टर्मिनल उघडून नुसता 'सेन्सर्स' हा एक शब्द रोमन लिपींत, लहान अक्षरांनीं टाइप करावा आणि एंटर दाबावें. आजच्या लिनक्समध्यें कोअरटेम्प व के१०टेम्प हे दोघेहि दुभाषे यंत्र सुरू होतांच प्रोसेसर ओळखून स्वतः हजर होतात. पडद्यावर 'कोअर ०', 'कोअर १' अशा ओळी, किंवा एएमडीच्या यंत्रावर 'टीसीटीएल' अशी ओळ व तिच्यापुढें अंश दिसले, तर आपलें काम झालें. रोग्याच्या उशाशीं ज्वराचा तक्ता टांगलेला असतां त्याला पुन्हां उठवून तपासणें शहाणपणाचें नव्हे.

तशी ओळ मुळींच न दिसली, किंवा पंख्याची गति आणि मदरबोर्डचें उष्णमान हींहि हवीं असलीं, तरच सेन्सर्स-डिटेक्टकडे वळावें. तो चालवितांना आधीं 'सूडो' हा शब्द टाइप करावा लागतो. त्याचा अर्थ, 'हें काम मी घरच्या कर्त्याच्या अधिकारानें करीत आहें.' म्हणूनच तेथें परवलीचा शब्द मागितला जातो, आणि म्हणूनच पुढील प्रश्न कर्त्या माणसानें स्वतः वाचावयास हवेत.

पांच प्रश्न

हा प्रोग्रॅम एकदम धांव घेत नाहीं. प्रत्येक पायरीपूर्वीं तो परवानगी मागतो. प्रश्नापुढें 'होय' व 'नाहीं' हीं दोन्ही उत्तरें इंग्रजींत छापलेलीं असतात. त्यांपैकीं जें मोठ्या अक्षरांत असेल तें त्याला योग्य वाटणारें, आणि नुसतें एंटर दाबल्यास तेंच धरलें जातें.

पहिला प्रश्न प्रोसेसर व त्याच्या निकटच्या चिपांविषयीं असतो. येथें प्रोग्रॅम प्रोसेसरास त्याचें नांवगांव विचारतो. इंटेलचा प्रोसेसर रोमन बारा अक्षरांत 'जेन्युइनइंटेल' असें उत्तर देतो. एएमडीचा 'ऑथेंटिकएएमडी' म्हणतो, तीहि मोजून बाराच अक्षरें. मग कूळ कोणतें, नमुना कोणता, हें कळलें कीं मापक कोणता असावा हेंहि कळतें. यांत कोणास धक्का लागत नाहीं. ही पायरी सर्वस्वी निर्धोक आहे असें प्रोग्रॅम स्वतःच सांगतो.

दुसरा प्रश्न 'सुपर आय-ओ' जातीच्या चिपांविषयीं. त्या मुख्यतः मेजावरील संगणकांत असतात व पंखे आणि विजेचे दाब मोजतात. त्यांचा शोध करण्यासाठीं ठराविक द्वारांवर कांहीं आंकडे लिहावे लागतात. म्हणून येथें 'सर्वस्वी' हा शब्द जाऊन 'सहसा निर्धोक' असे शब्द येतात. तिसरा प्रश्न मोठ्या सर्व्हर यंत्रांच्या देखरेख-व्यवस्थेचा, व चौथा जुन्या पद्धतीच्या 'आयसा' द्वारांचा. घरच्या लॅपटॉपाशीं या दोहोंचा संबंध क्वचित् येतो.

पांचवा प्रश्न 'एस-एम-बस'चा. ही दोन तारांची एक गल्ली समजावी. तिच्यावर अनेक लहान चिपांचीं बिऱ्हाडें असतात व प्रत्येकास घरक्रमांक असतो. कोणत्या क्रमांकावर कोण राहतो याची यादी नसल्यामुळें प्रोग्रॅमला दारोदार कडी वाजवून, कोण ओ देतो हें पाहावें लागतें. ही पायरी सर्वांत धोक्याची आहे, असें तो परवानगी मागण्यापूर्वींच स्पष्टपणें सांगतो.

शोध संपल्यावर सांपडलेल्या मापकांची यादी येते, आणि प्रत्येकापुढें आपला विश्वास किती, हेंहि प्रोग्रॅम आंकड्यानें लिहितो. इंटेलच्या अंतर्गत मापकापुढें तो ९ लिहितो. शेवटीं डेबियन-उबुंटुमध्यें, 'हे ड्रायव्हर यंत्र सुरू होतांना आपोआप यावेत म्हणून नोंद करूं काय ?' असें विचारतो, आणि येथें मोठ्या अक्षरांतलें उत्तर 'नाहीं' हें असतें. एंटर दाबीत सुटणारा मनुष्य येथेंच फसतो. नवा मापक सांपडला, पण यंत्र पुन्हां सुरू केल्यावर तो दिसेनासा झाला, या तक्रारीचें मूळ बहुधा हेंच असतें. खरोखर नवा ड्रायव्हर सांपडला असेल तर येथें 'होय' असें पूर्ण टाइप करावें. केवळ कोअरटेम्प सांपडला असेल, तर तो आपणहून येतच असल्यामुळें नोंदीचें अडत नाहीं.

एकहि प्रश्न न विचारतां सर्व मोठ्या अक्षरांतलीं उत्तरें धरून चालण्याची 'ऑटो' नांवाची सोय या प्रोग्रॅममध्यें आहे. ती शाळेंतील पन्नास सारख्या यंत्रांसाठीं ठीक. घरांतील एकुलत्या एका लॅपटॉपवर मात्र पहिल्या खेपेस तरी प्रश्न वाचूनच उत्तर द्यावें. तसें कां, हें पुढील हकीकतीवरून कळेल.

कडी वाजविण्याचा धोका

पांचव्या प्रश्नांतला धोका काल्पनिक नाहीं. २००० सालाच्या आसपास आय.बी.एम. कंपनीच्या थिंकपॅड जातीच्या कांहीं लॅपटॉपांवर हा शोध चालविल्यानंतर ते पुन्हां सुरूच होईनात, अशा तक्रारी योजनेच्या चालकांकडे येऊं लागल्या. शोध करितां कारण सांपडलें तें असें : त्या यंत्रांतील दोन तारांच्या गल्लींत अॅटमेल कंपनीची '२४आरएफ०८' नांवाची एक स्मरण-चिप होती, आणि यंत्र सुरू होतांना लागणारी महत्त्वाची माहिती तिच्यांत सांठविलेली असे. इतर चिपा ज्या हलक्या टकटकीला नुसती 'ओ' देत, तीच टकटक या चिपला, तिच्या घडणींतील एका दोषामुळें, लिहिण्याची आज्ञा वाटे. माहितींतील एखादें अक्षर बदले, बेरजेचा ताळा जुळेनासा होई, आणि यंत्र सुरू होण्याचेंच नाकारी. कोणी घाव घातला नव्हता. केवळ विचारपूस केली होती.

यानंतर योजनेच्या मंडळींनीं जें केलें तें अनुकरणीय आहे. थिंकपॅडविषयीं स्वतंत्र सूचनापत्र त्यांनीं प्रोग्रॅमबरोबर प्रसिद्ध केलें. लिनक्समधील संबंधित ड्रायव्हरमध्यें अशी तजवीज झाली कीं, यंत्र आय.बी.एम.चें आहे असें दिसतांच त्यानें धोक्याची सूचना द्यावी व कामावर येण्याचें नाकारावें. कडी वाजविण्याची रीतहि अधिक जपून आंखली गेली. ज्यांस धोका कळला त्यांनीं तो झांकून ठेवला नाहीं. तो प्रश्नांच्या रूपानें प्रत्येक वापरणाराच्या पुढें मांडला. आपण ते प्रश्न न वाचतां एंटर दाबीत गेलों, तर त्यांच्या त्या प्रामाणिकपणाचा आपणांस कांहींच उपयोग नाहीं.

आजच्या लॅपटॉपांत ती चिप बहुधा सांपडणार नाहीं, हें खरें. तरीहि ज्याला केवळ प्रोसेसरचें उष्णमान हवें आहे, त्याचें काम पहिल्या निर्धोक प्रश्नांतच होऊन जातें. मग मुलांची परीक्षा चार दिवसांवर आली असतां पांचव्या प्रश्नास 'होय' म्हणण्यांत काय लाभ ? तेथें खुशाल 'नाहीं' म्हणावें.

आंकडा आणि त्याचा अर्थ

आंकडा मिळाला म्हणजे निदान झालें असें नाहीं. न्यायशास्त्रांत हेत्वाभास म्हणून एक प्रकरण आहे : हेतूसारखा दिसणारा, पण खरा हेतु नसलेला. 'सेन्सर्स'च्या यादींतहि असे हेत्वाभास असतात. 'एसीपीआयटीझेड' नांवाच्या ओळींत कित्येक यंत्रांवर सकाळपासून रात्रीपर्यंत एकच आंकडा दिसतो. काम असो वा नसो, तो हालत नाहीं. जो ज्वर कधींच चढत वा उतरत नाहीं, तो ज्वर नव्हे, हें उघड आहे. तसेंच, २०१७ सालीं निघालेल्या एएमडीच्या रायझन १८००एक्स वगैरे मेजावरील प्रोसेसरांत 'टीसीटीएल' हा आंकडा पंख्याच्या सोयीसाठीं खऱ्या उष्णमानापेक्षां मुद्दामच २० अंश चढा ठेवलेला होता. तो पाहून यंत्र बिघडलें असें म्हणणें चुकीचें झालें असतें.

म्हणून परीक्षा नेहमीं दोनदां करावी : एकदां यंत्र स्वस्थ असतांना, आणि एकदां दहा मिनिटें जड काम दिल्यावर. 'वॉच' हा शब्द 'सेन्सर्स'च्या आधीं टाइप केल्यास आंकडे दर दोन सेकंदांनीं नवे होत जातात व चढउतार डोळ्यांपुढें दिसतो. स्वस्थ असतांना ४० ते ६० अंश, कामाच्या भरांत ७० ते ९०, हें लॅपटॉपच्या प्रकृतीस साधारणपणें मानवतें. मर्यादेशीं जाऊन भिडल्यास प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करितो. पडद्यावर काम मंदावतें तें यामुळें. त्याहूनहि वर गेल्यास जीव वांचविण्यासाठीं यंत्र बंद पडतें. खोलीचें मानहि विसरूं नये. नागपूर-चंद्रपूरकडे वैशाखांत बाहेर ४५ अंश असतात. तेथला आंकडा महाबळेश्वरच्या आंकड्याशीं ताडून पाहणें व्यर्थ आहे.

या सर्वाचा उपयोग काय, हें एका घरगुती उदाहरणानें सांगतों. आमच्या पुतण्याच्या मुलीचा लॅपटॉप सात वर्षांचा. तो वीस मिनिटें चालला कीं मंद होई, आणि दोनदां वर्ग चालू असतांनाच बंद पडला. दुरुस्तीच्या एका दुकानांत तो उघडूनहि न पाहतां, 'बोर्ड गेला, नवाच घ्या' असा सल्ला मिळाला. मुलगी बारावींत, नव्या यंत्राचा खर्च घरास सहज झेपणारा नव्हता, आणि धाकट्या भावाची फीहि त्याच महिन्यांत भरावयाची होती. उष्णमान पाहिलें तेव्हां यंत्र स्वस्थ असतांनाच ७४ अंश होतें, व वर्ग सुरू झाल्यावर दहा मिनिटांत ९९ वर गेलें. पंखा तर घोंघावत होता, पण बाजूच्या जाळीपाशीं हात धरला तर वारा लागेना. म्हणजे पंखा फिरतो, परंतु वारा बाहेर पडत नाहीं. अर्थात् वाट कोठें तरी बुजलेली असली पाहिजे. या कामांत जाणत्या असलेल्या एका आप्तानें यंत्र उघडलें, तों जाळीच्या आंत धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला. तो काढला, आणि प्रोसेसर व उष्णता वाहून नेणारी तांब्याची पट्टी यांमधील वाळलेला लेप पुसून नवा लावला. त्यानंतर स्वस्थ असतांना ४८ आणि वर्गाच्या वेळीं ७६ अंश, असे आंकडे आले. मुलीनें त्याच यंत्रावर वर्ष पुरें केलें.

प्रत्येक वेळीं असेंच होईल असें नाहीं. कधीं बोर्ड खरोखरच गेलेला असतो. परंतु स्वस्थ असतांना ४५ अंश, कामाच्या वेळीं ७०, आणि तरीहि यंत्र बंद पडत असेल, तर दोष उष्णतेचा नव्हे, एवढें तरी त्या आंकड्यांवरून निश्चित कळतें, आणि दुरुस्ती करणारास योग्य दिशा देतां येते. निदान होकारी असो वा नकारी, तें पुराव्यावर उभें राहतें.

घरांतील मंडळींस तीन सूचना कराव्याशा वाटतात. लॅपटॉप गादीवर, रजईवर किंवा मांडीवरील उशीवर ठेवूं नये. बहुतेकांच्या पोटाशीं वारा घेण्याच्या फटी असतात व त्या कापडानें बुजतात. पाटावर किंवा मेजावर ठेवावा. दुसरें, यंत्र ठीक असतांनाच त्याचे दोन आंकडे, स्वस्थ असतांनाचा व कामाच्या वेळचा, तारीख घालून कालनिर्णयावर किंवा हिशेबाच्या वहींत लिहून ठेवावे. पुढें तक्रार आल्यावर ताडून पाहावयास त्यांचा उपयोग होतो. तिसरें, हें काम घरांतील दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींकडे सोंपवावें, परंतु सेन्सर्स-डिटेक्ट चालवावयाची वेळ आली तर वडील माणसानें शेजारीं बसावें आणि प्रत्येक प्रश्न मोठ्यानें वाचून, त्याचा अर्थ मुलाकडून वदवून घेऊन, मगच उत्तर द्यावयास सांगावें. त्याला फार तर पाव तास लागेल.